शिंगाच्या मुठीचा चाकू

बाबांना घडीच्या चाकूंचा भारी नाद. कपाटाचा एक खण चाकूंनीच भरलेला, आणि रोज त्यातला एक खिशात घातल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. पण कुठे उघडं पातं दिसलं की हातातलं काम टाकून आधी ते मिटायचे. म्हणायचे, "उघडा चाकू मालकालाही ओळखत नाही."

ते गेले. घरात मायलेक दोघंच उरले, आणि नाद लेकाकडे आला. रोज सकाळी चाकू निवडायला तो खण उघडायचा, तर बाबांचा लाडका, शिंगाच्या मुठीचा चाकू पातं उघडून पडलेला! अंगावर सर्रकन काटा यायचा. आई घाबरेल म्हणून तो मुकाट्याने चाकू मिटायचा, दुसरा एखादा खिशात टाकायचा आणि कुरिअरच्या दुकानात कामाला निघायचा.

एका संध्याकाळी तो घरी आला तर आई खणापाशी उभी, गालातल्या गालात हसत.

"वेडी म्हणशील मला. रोज झोपताना मी हा उघडून ठेवते. दुपारी बघते तर मिटलेला! तुझे बाबा अजून येतात रे. आजसुद्धा येऊन गेले."

खरं काय ते त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कितीतरी दिवसांनी ती हसत होती. त्याने सवयीने खिशात हात घातला.

 

खिसा रिकामा होता. आज उशीर झाला म्हणून तो खण न उघडताच पळाला होता.