कानडी वह्या

गुलबर्ग्याहून लग्न होऊन मानवतला आलेली शरणम्मा बारा वर्षं कानडीत गोष्टी लिहीत होती. सासरी ती लिपी कुणालाच येत नव्हती.

निजामाच्या पोलिसांचा अमीन शिपायांसह बंदी घातलेली पत्रकं शोधायला आला, तेव्हा त्या वह्या त्यांच्या हाती लागल्या.

"बायकी खरडणं हाय, अमीनसाहेब," नवरा मन्मथअप्पा गयावया करत म्हणाला. "सोडून द्या."

अमीनानं कानडी येणाऱ्या, रायचूरकडच्या जमादाराला वाचायला बसवलं. शरणम्मा दाराआडून बघत राहिली. तिचं लिहिलेलं पहिल्यांदाच कुणीतरी वाचत होतं.

जमादारानं शेवटची वही मिटली आणि मन्मथअप्पाकडं पाहिलं. "सरकारविरुद्ध काईच न्हाई, साहेब. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईच्या गोष्टी हायेत सगळ्या."

अमीनानं वह्या परत पुढं केल्या.

मन्मथअप्पानं हात पुढं केला नाही. "तरी बी जप्त करा, साहेब."