टाचणीतली चिठ्ठी
"एका पायात सगळं निघालं, सर," विद्यार्थिनी हळूच म्हणाली. स्किपर फुलपाखराचा तो सुकलेला पाय जनुकं तपासायला गेला होता. तीस वर्षं सर जिला वेगळी जात म्हणत आले, ती वेगळी नव्हतीच. सर थकून स्टुलावर टेकले आणि गेलेल्या बायकोबद्दल बोलू लागले. "तुमच्या मॅडम हेच सांगत सांगत गेल्या. म्हणायच्या, ठिपक्यांवर काय जाता, सख्ख्या भावांची तरी तोंडं जुळतात का?" संग्रहालयात फुलपाखराच्या टाचणीला जातीचं नाव लिहून टोचलेली जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत; नवं मत त्याच टाचणीत खाली टोचतात. बायकोने टोचलेली चिठ्ठी मात्र सरांनी रागाच्या भरात उपसून घेतली होती. "नवी चिठ्ठी तुम्ही लिहिता की मी?" विद्यार्थिनीने विचारलं. "लिहिलेली आहे, बाळ." सरांनी चष्म्याच्या घरातून बायकोच्या अक्षरातला पिवळा कपटा काढला.  कपट्यातलं भोक जुनंच होतं; टाचणी त्यातून अलगद गेली.