हार्डनरचं माप

"ताई, कालचा थर अजून बोटाला चिकटतोय हो! आणि आज सुमितची माळ ठेवून वरचं रेझिन ओतायचंय. काय करू?"

फोनवर आसावरी होती, माजिवड्याहून. आवाज रडवेला. इकडे डोंबिवलीत कल्पिता चहा घेत होती, आणि खोटं कशाला बोला, तो चहा तिला एकदम गोड लागायला लागला.

लग्नातल्या वरमाळा सुकवून त्या काचेसारख्या रेझिनमध्ये कायमच्या जपून द्यायच्या, हा कल्पिताचा धंदा. आसावरी तिची शिष्या. दोन वर्षांपूर्वी हिला मापाचा कपसुद्धा नीट धरता येत नव्हता. आणि आता? इन्स्टावर हिचे व्हिडिओ, हिच्याकडे रांगा. कल्पिताकडे येणारेही वर तोंड करून विचारायचे, "माजिवड्याच्या मॅडम करतात तसं जमेल का?" ऐकून तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. गुरूची विद्या गुरूला!

आणि ही माळ तर आधी कल्पिताच्याच दारात आलेली. हा सुमितच घेऊन आलेला. त्याच्या लग्नाची माळ त्याच्या आईने स्वतः ओवली होती, आणि लग्नानंतर पंधरा दिवसांत आई गेली. कल्पिताने एकेक शेवंती निरखून होकार दिला. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: सॉरी ताई, बायकोला आसावरी मॅडमचं काम जास्त आवडलंय.

यंदा जानेवारीत थंडी अशी पडली की डोंबिवलीकरांनीसुद्धा स्वेटर बाहेर काढले, म्हणजे बघा. अशा हवेत रेझिन हट्टाला पेटतं, सुकता सुकत नाही. उपाय साधा. बाटल्या कोमट पाण्यात ठेवायच्या, साच्यावर खोका पालथा घालून आत पिवळा बल्ब लावायचा, आणि दोन दिवस कळ काढायची. पण आसावरीचा क्लास झालेला मे महिन्यात. थंडीचा विषयच निघाला नव्हता. कल्पिताने तो काढला नव्हता म्हणा, हातचं राखून.

"थंडीने होतं गं असं," कल्पिता म्हणाली. "वरच्या थरात हार्डनर दीडपट घाल. चटकन धरेल."

तिने फोन ठेवला. दोन भाग रेझिन, एक भाग ते घट्ट करणारं हार्डनर, त्यात थेंबाचा फरक चालत नाही, हे क्लासच्या पहिल्या दिवशी तिनेच फळ्यावर लिहिलेलं. हार्डनर जास्त झालं की रेझिन जन्मात सुकत नाही, काकवीसारखं चिकट राहतं. पण थंडीत नियम वेगळा असेल, असं त्या पोरीला वाटणार. ताईच सांगतायत म्हटल्यावर वाटणारच.

दिवसभरात कल्पिताने तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. बरी जिरेल एकदा, असं ती स्वतःला बजावत राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात आसावरी, हातात ट्रे, मागे सुमित. ट्रेमध्ये माळ लिबलिबीत रसात बुडालेली, शेवंती काळवंडलेली.

"ताई, तुम्हीच बघा काही होतंय का."

कल्पिताने बोट लावलं. बोटाचा ठसा उमटला आणि तसाच राहिला. आता उन्हात ठेवा नाहीतर आणखी काही करा, कशाचाच उपयोग नव्हता.

"आईच्या हातचं एवढंच होतं आमच्याकडे," सुमित म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"यांना मी सांगितलंय, चूक माझीच," आसावरी म्हणाली. रडून तिचे डोळे सुजले होते. "तुम्ही नीटच सांगितलेलं, मीच मापात माती खाल्ली. बंद करतेय मी आता हे काम. जे कोणी येतील त्यांना तुमच्याकडेच पाठवते."

ज्यासाठी दोन वर्षं जीव जळला, ते असं आपल्या पायाने दारात चालून आलं होतं. करायचं काहीच नव्हतं, फक्त गप्प बसायचं. सुमितने तर मानही डोलावली.

कल्पिताने आसावरीच्या हातातला ट्रे घेऊन टेबलावर ठेवला.

"माप तुझं बरोबर होतं, आसावरी," ती म्हणाली. "चुकीचं मी सांगितलं. मुद्दाम."