कोणालाच नको असलेला बुधवार

"अमेरिकेत स्वस्त तिकीट सापडत नसतं, ते जिंकावं लागतं," स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन घेऊन बसलेला वॉशिंग्टन ग्वामान म्हणाला. त्याला अमेरिकेत अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत त्याने देशातल्या देशात एकदाही विमानाने प्रवास केला नव्हता, त्यामुळे हरण्याचा प्रसंग आला नव्हता.

समोर त्याच्या सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांच्या गावात त्यांना मानाने दोन्या एतेल्विना म्हणत. इक्वाडोरमधल्या असोगेसहून दोन महिन्यांसाठी त्या न्यूयॉर्कला लेकीकडे आल्या होत्या. त्यातले तीन आठवडे उरले होते. त्यांची धाकटी बहीण एर्मेलिंदा होती अमेरिकेतच, पण लांब मिनिआपोलिसला. तेवीस वर्षांत दोघींची भेट नव्हती. एर्मेलिंदाकडे या देशात राहण्याचे कागद नव्हते, तिला विमानात बसता येत नसे. भेट व्हायची तर थोरलीनेच जायचं. आणि थोरलीने बजावलं होतं, "जाऊन येऊन शंभर डॉलरच्या वर गेलात तर मी जायची नाही. जावयाने गाद्या वाहायच्या आणि मी उडायचं, हे मला जमणार नाही."

वॉशिंग्टन गाद्यांच्या दुकानाची गाडी चालवत असे.

"चारशे बारा," तो म्हणाला. मग बोट फिरवून म्हणाला, "चारशे तीस."

"मघाशी बारा होते ना?" त्याची बायको नार्सिसा शेगडीपासून म्हणाली.

"हळू बोल. आपल्याला गरज आहे हे कळलंय त्याला."

"तुम्ही त्याला विचारलंत तरी काय?" सासूबाईंनी विचारलं.

"शुक्रवारी संध्याकाळी जायचं, रविवारी संध्याकाळी यायचं. जवळच्या विमानतळावरून." जवळचा म्हणजे इतका जवळचा, की विमान डोक्यावरून गेलं की पातेल्यावरचं झाकण वाजे.

दोन्या एतेल्विनांनी एप्रनला हात पुसले. असोगेसच्या बसस्टँडवर तिकिटाच्या खिडकीमागे त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. या घरात ही विद्या कोणी विद्येत धरत नसे.

"जावईबापू, सगळ्या गावाला हवी तीच गाडी मागितलीत, तर तिकीटवाली काय ओवाळणार आहे तुम्हाला? कोणालाच नको असलेली गाडी कुठली, ते विचारा."

"असं नाही विचारता येत त्याला."

"मग सगळा महिना दाखव म्हणावं."

महिना दाखवता येत होता. वॉशिंग्टनला हे माहीत नव्हतं. "तेच करत होतो," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "बुधवार. सकाळी सहाला. एकशे सत्तर."

"बुधवार," सासूबाई म्हणाल्या, जुनी मैत्रीण रस्त्यात भेटल्यासारख्या. "बुधवारी कोणाचं लग्न नसतं, कोणाला सुट्टी नसते. माझीही गाडी बुधवारी रिकामीच जायची. या शहराला दुसरा स्टँड नाही का?"

"आहे. नदीपलीकडे, न्यूअर्कला. पण ते दुसरं राज्य आहे."

"बुधवारी गाद्या कुठे पोचवता तुम्ही?"

वॉशिंग्टनने टोपी मागे सारली. "त्याच राज्यात," तो म्हणाला.

"आणि येताना? याच कंपनीशी लग्न लावलंय का आपण?"

नार्सिसा शेगडी बारीक करून नवऱ्याच्या मागे येऊन उभी राहिली. दोन्या एतेल्विनांनी फोनला बोट लावलं नव्हतं. चष्मा आतल्या खोलीत होता. त्या नुसत्या खिडकीमागून विचारल्यासारखं एकेक विचारत होत्या, आणि वॉशिंग्टन, जो अकरा वर्षं या देशातली प्रत्येक गोष्ट त्यांना फोनवरून समजावून सांगत आला होता, तो मुकाट बोटं चालवत होता. आकडा खाली येत होता.

"पण यात सामान नाही," तो अखेर म्हणाला. "सीटखाली मावेल एवढी एक पिशवी. त्यापुढे पैसे."

"अंगावरच्या कपड्यांचे?"

"अंगावरच्यांचे नाही घेत."

असोगेसकडच्या रिवाजाप्रमाणे सासूबाईंच्या अंगावर एकावर एक असे दोन घेरदार लोकरी घागरे होतेच. "आणखी दोन चढवते," त्या म्हणाल्या. "पिशवीत एर्मेलिंदाची गुळाची ढेप जाईल."

"जागा निवडायचे अकरा डॉलर."

"निवडू नका. जागेचा हट्ट धरणाऱ्याला मी चाकावरची द्यायचे."

ब्याण्णव डॉलर. जाऊन येऊन.

वॉशिंग्टनने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. चर्चमध्येसुद्धा बायकोने कोपर मारल्याशिवाय तो ती काढत नसे.

"सासूबाई, तुम्ही या देशात जन्मायला हव्या होतात."

"इथे जन्मले असते तर शुक्रवारीच गेले असते."

त्याने बटण दाबलं. तिकीट आलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच या भेटीला एक तारीख होती. नार्सिसाने डोळे टिपले. दोन्या एतेल्विना पुन्हा शेंगांकडे वळल्या, पण आता त्या दाणे कचऱ्यात टाकत होत्या आणि सालं पातेल्यात. 

"नार्सिसा," त्या बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मावशीला एवढं एक विचारून ठेव. त्या दिवशी घालणार काय आहे ती?"

"कशाला गं आई?"

"व्हिडिओवर बोलताना ती फोन कसा धरते, बघितलंयस ना? इतक्या वर्षांत मला तिचं फक्त कपाळ दिसलंय."