मौनभोजन

“पसंतीक्रम लावताना आधी लेकीचं मन बघायचं, मग कटऑफ. घरापासूनचं अंतर सगळ्यात शेवटी,” हे आजारपणात मला बजावत. तिला मनासारखं कॉलेज मिळालं तर डोंगरावरच्या देवीला अनवाणी येईन, असा नवसही बोलले होते. चैत्रात हे गेले.

कॉलेजांचा क्रम भरायच्या शेवटच्या दिवशी मी जेवायला बसले. चातुर्मासात माझं मौनभोजन असतं, हात धुवेपर्यंत शब्द काढायचा नाही. दहावीपासून नागपूर नागपूर करणारी शर्वाणी नेमकी तेव्हाच मोबाइल घेऊन समोर बसली.

“आई, आपलं कुडाळचं पहिलं टाकते, नागपूर दुसरं. तू एकटी कशी राहशील? नको असेल तर आत्ताच बोल.” मग हसली. “बोलता येत नाही ना? जिंकले मी!”

हसताना तिच्या गालाला यांच्यासारखीच खळी पडली. रोज हा चेहरा डोळ्यांसमोर असावा, एवढंच तर मागणं होतं माझं. हातातला घास पानात ठेवला. मग डाव्या हाताने मोबाइल ओढला आणि नागपूर बोटाने वर सरकवलं.

“अगं आई…” एवढंच म्हणून ती माझ्या पानात भात वाढत राहिली.

नागपूरच लागलं. तिला गाडीत बसवून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीने दोघींपुरता भात शिजवला. तिच्या वाटणीचा दहीभात नैवेद्याच्या डब्यात भरला, चपला दाराशीच राहू दिल्या आणि यांचा नवस फेडायला डोंगराची वाट धरली.