अंगावरचा शर्ट

१९९८ साली इंदिरानगरात आमच्या शेजारी ललित भाड्याने राहायला आला. दर सोमवारी त्याचा शर्ट पाठीवर दोन जागी फाटायचा, तोही आतून. समोरची सुवर्णा रफू करून द्यायची. प्रेम जमायला तेवढं पुरलं.

एका दुपारी आमच्या ओट्यावर तो तिला म्हणाला, "माझं निलंबन संपलं. आज परत वर हजर व्हायचंय."

"वर म्हणजे मुंबईला?"

ललितने आभाळाकडे बोट दाखवलं.

सुवर्णाने दुहेरी दोरा ओवला. "पाठ कर इकडे. पक्कं शिवते, मग कसा जातोस बघू!"

"अगं, अंगावरचा कपडा शिवू नये!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

सुई ललितच्या पाठीत खुपली. तो नुसता हसला. कळ सुवर्णाच्या पाठीत गेली.

आई बाहेर आली. "सुवर्णे, तुझ्या पाठीवर ड्रेसच्या आत काय हलतंय?"