गोठ्यावरची मारेन

ओडेन्सला राहणारी वैजयंती दर रविवारी शेजारच्या इंगरबाईंकडे जायची. शहाऐंशी वर्षांच्या इंगरबाईंना स्क्रीनवरची अक्षरं दिसत नसत, म्हणून डेन्मार्कच्या जुन्या जनगणनेची पानं ती त्यांना वाचून दाखवायची.

"माझ्या आजीला तिच्या आईनं तान्ही असतानाच परक्या घरी टाकलं," इंगरबाई म्हणाल्या. "आजीनं मरेपर्यंत तिचं नाव काढू दिलं नाही. मला ते चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडलं."

१८९०चं पान उघडलं. शेतकरी, त्याची बायको, मग सहा वर्षांची आजी. 'सांभाळायला घेतलेली मुलगी'. वैजयंती वाचत वाचत शेवटच्या ओळीवर थांबली.

"याच घरात गोठ्यावर कामाला एक बाई आहे. मारेन, वय पंचवीस, अविवाहित. नाव, आडनाव, वय, सगळं बाप्तिस्म्याच्या नोंदीशी जुळतंय."

"म्हणजे तिची आई? त्याच घरात?"

"हो. लेकीजवळच राहिली होती."

इंगरबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. भिंतीवरच्या वंशवृक्षात आजीच्या वरची चौकट त्यांनी मुद्दाम कोरी ठेवली होती.

"पेन घे," त्या म्हणाल्या. "आणि चांगलं ठळक लिही."